वसतिगृहाचं इंटरनेट वाटून घेताना दर कसा ठरवायचा

रात्रीचे पावणेदहा. पुण्यातल्या आमच्या साठ मुलींच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात तीन मुली फोन घेऊन बसलेल्या. खोलीत वायफाय असून नसल्यासारखं, आणि मोबाइलची रेंज फक्त जिन्यातच येते. त्यातल्या एकीची दहा वाजता व्हिडिओवर मुलाखत होती. "ताई, पैसे तर आम्ही सगळ्या सारखेच भरतो ना?" तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. राउटर उघडून पाहिला तर एका खोलीतल्या लॅपटॉपवर ९० जीबीचा गेम उतरत होता. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ९० जीबी म्हणजे अख्खी लाइन दोन तास.

गेम उतरवणाऱ्या मुलीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. तिने बटण दाबलं इतकंच. तेच बटण रात्री दोनला दाबलं तर बाकीच्यांचा त्रास वाचेल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी दोनपर्यंत जागून तिच्या हाती काय पडणार होतं? वर्गणी तेवढीच.

त्या रात्रीनंतर मी या हिशेबात खोलवर शिरले. वसतिगृह, अभ्यासिका, छोटं कोवर्किंग, कुठेही एक लाइन अनेकांत वाटायची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली असेल, तर खालच्या क्रमाने जा. एक गोष्ट मात्र आधीच पक्की धरा: सामायिक लाइनवर खर्च वाढतो तो गर्दीच्या तासांमुळे. पहाटे तीनला कुणी कितीही डेटा ओढला तरी तुमचं बिल एक रुपयानेही वाढत नाही आणि कुणाचं काही अडत नाही. रात्री साडेनऊला ओढलेला तोच डेटा मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून येतो. दर ठरवताना हा फरक सुटला की पुढचं सगळं गणित चुकतं.

पहिलं काम: वाटायची परवानगी आहे का ते बघा

घरगुती ब्रॉडबँड घेऊन साठ जणींना वाटू नका. बहुतेक घरगुती करारांत हे बसत नाही, आणि 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. आकडा मोठा वाटतो, पण महिनाभर सरासरी काढली तर तो जेमतेम १० एमबीपीएस भरतो. साठ जणींत वाटला तर माणशी ५५ जीबी. संस्थेच्या नावाने लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेली जोडणी, घ्या आणि राहणाऱ्यांना वापरू देण्याबद्दल करारात काय लिहिलंय ते कंपनीकडून लेखी घ्या. बाहेरच्यांना इंटरनेट विकायचं असेल तर तो वेगळा विषय आहे. त्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात वायफाय देणाऱ्या दुकानदाराला स्वतःचा परवाना काढावा लागत नाही. अशा केंद्रांना २०० एमबीपीएसपर्यंतची फायबर जोडणी घरगुती दराच्या दुपटीहून महाग देऊ नये, असंही ट्राय या दूरसंचार नियामकाने जून २०२५ मध्ये ठरवून दिलं.

मग पंधरा दिवस नुसतं मोजा

दराचा विचार नंतर करू. आधी लाइन कधी भरते ते कळायला हवं. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये ग्राफ काढायची सोय असतेच. दिवसाच्या आलेखात तो दर पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मोफत प्रणालीवरही असं करता येतं. पंधरा दिवसांचा आलेख समोर ठेवलात की बहुतेक ठिकाणी एकच आकार दिसेल: सकाळी छोटा उंचवटा, दुपारी सपाट, संध्याकाळी आठपासून चढ, बारानंतर उतार. आमच्याकडे दुपारी दोनला लाइन पाचव्या हिश्शानेही भरलेली नसे, आणि रात्री दहाला आलेखाचा माथा रेघ ओढल्यासारखा सपाट. माथा सपाट दिसला की समजावं, लाइन पुरत नाहीये. मागणी त्या रेघेच्या वर आहे, पण जायला वाट नाही.

इथे थोडी आकडेमोड हाताशी ठेवा. १०० एमबीपीएसची लाइन तासभर पूर्ण भरून वाहिली तर ४५ जीबी जातात. दिवसाचे १,०८० जीबी, महिन्याचे ३२,४०० जीबी. एवढं कुणी वापरत नाही. पण रात्री आठ ते बारा हे चारच तास धरले तर महिन्याचे १२० तास आणि ५,४०० जीबी, आणि सगळी ओढाताण एवढ्याचसाठी चाललेली असते. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस खातो. म्हणजे वीस जणी एकाच वेळी सिनेमा बघायला बसल्या की लाइन संपली. आवाजाच्या कॉलला मात्र त्याचा पन्नासावा हिस्साही पुरतो. म्हणून गर्दीत सगळ्यात आधी मोडतो तो बिचारा कॉल, ज्याला खरं तर फार थोडं हवं असतं.

मोठ्या कंपन्या आणि डेटा सेंटर आपसात बिल कसं करतात तेही पाहून ठेवा. दर पाच मिनिटांना एक, असे तीस दिवसांत ८,६४० आकडे जमतात. ते उतरत्या क्रमाने लावायचे, वरचे पाच टक्के, म्हणजे ४३२ आकडे किंवा ३६ तास, सोडून द्यायचे आणि उरलेल्यांतला सगळ्यात मोठा आकडा बिलाला धरायचा. याला पंचाण्णवावा शतमान म्हणतात. अधूनमधून येणाऱ्या लाटेला माफी मिळते, रोजच्या गर्दीला मिळत नाही. तुमच्या आलेखावर हा आकडा काढा. तो लाइनच्या क्षमतेला टेकला असेल तर गर्दी नित्याची आहे. बराच खाली असेल तर दर ठरवण्याच्या भानगडीत पडू नका. सरळ समान वर्गणी ठेवा आणि हा लेख इथेच मिटा.

मोजताना एक पथ्य पाळा. कुणी किती जीबी वापरले एवढंच मोजायचं. कुणी काय पाहिलं ते बघायचं नाही आणि साठवायचंही नाही. कायद्याने जी नोंद ठेवणं भाग असेल तेवढी ठेवा, आणि तीही दर ठरवणाऱ्यांच्या हातात देऊ नका. मुलींचा विश्वास एकदा गेला की तुमच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

राउटरची रांग आधी नीट करा

बऱ्याच ठिकाणी जागा असूनही नेट अडखळतं, कारण राउटर डेटाची लांबच लांब रांग लावतो आणि कॉलचं छोटंसं पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, त्या रांगेत शेवटी उभं राहतं. हे पैशांनी सुटणारं दुखणं नाही. एफक्यू-कोडेल किंवा केक नावाची सोय राउटरवर चालू करा, लाइनच्या नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांवर वेग बांधा आणि प्रत्येकीला समान वाटा मिळेल असं लावा. आमचं अर्धं दुखणं इथेच बरं झालं. दरवाढीची नोटीस लावण्याआधी हे केलं नसेल तर राहणाऱ्यांवर अन्याय होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

खर्चाचे दोन ढीग करा

वीजबिल समोर ठेवलंत तर हे पटकन समजेल. घरच्या बिलात स्थिर आकार वेगळा आणि युनिटप्रमाणे वीज आकार वेगळा असतो. कारखान्याच्या बिलात याशिवाय मागणी आकारही असतो: महिन्यातली कमाल मागणी किती होती, त्यावर. कारण तेवढा बोजा पेलेल अशी यंत्रणा कुणीतरी उभी करून ठेवलेली असते, ती रोज वापरली जावो न जावो.

इंटरनेटच्या लाइनचं सगळं ओझं या मागणी आकारासारखंच आहे. युनिटचा खर्च जवळपास शून्य. समजायला सोपे आकडे घेऊ. लाइनचे महिन्याला १८,००० रुपये. राउटर, स्विच, ॲक्सेस पॉइंट, बॅटरी मिळून ७२,००० रुपये. तीन वर्षं चालतील असं धरलं तर महिन्याला २,००० रुपये. देखभालीचे १,०००. झाले २१,००० रुपये. हा पहिला ढीग: कुणी वापरो न वापरो, एवढे लागणारच. साठ जणींत भागले तर प्रत्येकी ३५०.

दुसरा ढीग आज खर्च होत नाही. गर्दी वाढली की उद्या मोठी लाइन लागेल, त्याची गंगाजळी. ती कुणी भरायची? ज्यांच्यामुळे मोठी लाइन लागते त्यांनी. संपूर्ण दररचना या एका उत्तरावर उभी आहे.

दिवसभर सरसकट जीबीप्रमाणे पैसे घेऊ नका

ही चूक मी केली, म्हणून जरा सविस्तर सांगते. समान वर्गणीवर तक्रारी आल्या तेव्हा मला वाटलं, जेवढं वापराल तेवढं भरा, याहून न्याय्य काय असणार? चोवीस तास सारखा दर लावला. झालं असं की दुपारी ऑनलाइन शिकवणी करणारी एक मुलगी कॅमेरा बंद ठेवून तास करू लागली. "शिक्षक मला बघायला सांगतात, पण कॅमेऱ्याचे पैसे पडतात ना ताई." दुपारी दोनला लाइन ओस पडलेली, तिच्या कॅमेऱ्याने कुणाचंही काही बिघडत नव्हतं, आणि मी तिच्याकडून पैसे घेत होते. रात्रीची गर्दी मात्र जशीच्या तशी. सिनेमा बघणाऱ्यांना दहाला बघितला काय नि तीनला बघितला काय, दर एकच होता. तो दर मी महिन्याच्या आत मागे घेतला.

जीबीप्रमाणे आकारणी कायमच चूक, असंही नाही. न्यूझीलंडमधल्या विद्यापीठांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९८९ मध्ये वायकाटो विद्यापीठातून अमेरिकेशी जोडणी झाली, वेग सेकंदाला ९,६०० बिट. सगळ्या विद्यापीठांत मिळून तेवढीच एक वाट, आणि ती भलतीच महाग. त्यांनी प्रत्येक विद्यापीठाची ये-जा मोजून त्याप्रमाणे खर्च वाटून घेतला. वसुलीतला काही भाग पुढची मोठी लाइन घ्यायला बाजूला काढला, आणि रात्रीच्या वापराला सवलत दिली. जिथे वाट सतत भरलेली असते तिथे मोजून घेणं शहाणपणाचंच ठरतं. आपल्याकडची लाइन दिवसाचे चारच तास भरते. म्हणून तेवढ्याच तासांचा दर लावायचा.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. डिसेंबर १९९६ मध्ये एओएलने तासावारी आकारणी सोडून महिन्याला १९.९५ डॉलरची ठोक वर्गणी सुरू केली. लोक लाइन धरून बसले आणि नव्याने फोन लावणाऱ्यांना एंगेज टोन ऐकू येऊ लागला. लोकांना ठोक रक्कम आवडते हे शंभर टक्के खरं, कारण बिल किती येईल याची धास्ती राहत नाही. त्या आवडीचा मान ठेवा, पण गर्दीच्या तासांना काहीतरी किंमत हवीच.

गर्दीच्या तासांचा दर लावा

ही कल्पना जुनीच आहे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी गर्दीच्या वेळी जास्त भाडं घ्यायची शिफारस केली होती. त्याला १९९६ मध्ये नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं साधं होतं: गर्दीत शिरणारा प्रत्येक जण बाकीच्यांचा वेळ खातो, आणि भाड्यात ते दिसलं पाहिजे.

आमचा सध्याचा हिशेब असा. सगळ्यांना ३५० रुपये स्थिर वर्गणी. रात्री आठ ते बारा या वेळेतला वापर वेगळा मोजायचा. त्यातले पहिले ३० जीबी मोफत, पुढे जीबीला एक रुपया. इतर वीस तास कितीही वापरा, पैसे नाहीत. रात्री आठला आणि बाराला प्रत्येक खात्याचा आकडा टिपणारी छोटी स्क्रिप्ट राउटरवर लावली की मोजणी आपोआप होते.

आता हे कुणाला कसं लागू पडतं ते बघा. गर्दीच्या वेळी महिन्याला २५ जीबी वापरणारी ३५० भरते. ६० जीबीवाली ३८०. रोज रात्री दहा जीबी ओढणारीचे महिन्याला ३०० जीबी होतात, ती ६२० भरते. तेच ३०० जीबी पहाटे उतरवले तर पुन्हा ३५०. गेम उतरवायची वेळ ठरवून ठेवता येते, फोनमधल्या फोटोंचा बॅकअप रात्री उशिरा लावता येतो, व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवता येतात. २७० रुपये वाचतात म्हटल्यावर मुली हे आपणहून करतात, एकमेकींना शिकवतात.

मोफत ३० जीबीचं कारणही सांगते. रोजचा एक जीबी म्हणजे घरच्यांशी व्हिडिओवर बोलणं, मेल, थोडा अभ्यास. यावर मीटर चालू आहे ही भावनाच नको. आईशी बोलताना रुपये मोजायला लावणारा दर मला मान्य नाही, मग अर्थशास्त्र काहीही म्हणो.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. गर्दीचा दर यशस्वी झाला की त्यातून येणारे पैसे आटतात, कारण लोक वेळ बदलतात. म्हणून लाइनचं बिल कधीही या पैशांवर अवलंबून ठेवू नका. काही जण स्थिर वर्गणी कमी ठेवून उरलेलं गर्दीच्या दरातून काढायला जातात. दोन महिन्यांत वापर सरकतो, वसुली कमी पडते, मग दर वाढवावा लागतो, मग लोक आणखी सरकतात. बिल स्थिर वर्गणीतून, गंगाजळी गर्दीच्या दरातून. हे दोन डबे एकमेकांत मिसळू नका.

महाग-स्वस्त दोन भागांची पद्धत, मोजणी जमत नसेल तर

प्रत्येकीचा वापर मोजण्याइतका राउटर तुमच्याकडे नसेल तर मुंबईच्या लोकलकडे बघा. फर्स्ट क्लासचा डबा त्याच रुळांवरून, त्याच वेगाने, त्याच वेळी पोचतो. भाडं कितीतरी जास्त असल्यामुळे त्यात माणसं तुलनेने कमी असतात, आणि ती कमी गर्दी हेच काय ते विकलं जातं. पॅरिसच्या मेट्रोतही १९९१ पर्यंत असा पहिला वर्ग होता. त्यावरून अँड्र्यू ओडलिझ्को या गणितज्ञाने इंटरनेटसाठी हीच पद्धत सुचवली: लाइनचे दोन भाग करा, एक महाग, एक स्वस्त, आणि बाकी काहीच हमी देऊ नका. महाग भागात आपोआप कमी लोक येतील.

१०० पैकी ३० एमबीपीएस वेगळे काढून त्याला वेगळं वायफायचं नाव द्यायचं आणि वर्गणी दीडपट ठेवायची, एवढंच करायचं असतं. घरून काम करणाऱ्यांसाठी कोवर्किंगमध्ये हे छान चालतं. वसतिगृहात मी ते टाळलं. एकाच खोलीत राहणाऱ्या दोघींपैकी एकीचं नेट चालतंय आणि दुसरीचं नाही, हे रोज डोळ्यांसमोर दिसत राहतं. शिवाय महाग भाग रिकामा असताना स्वस्त भाग तुंबलेला असतो, आणि लाइन वाया जाते.

अर्थशास्त्रज्ञांच्या आवडीची तिसरी वाट लिलावाची. मिशिगन विद्यापीठातल्या जेफ्री मॅकी-मेसन आणि हॅल व्हेरियन यांनी नव्वदच्या दशकात मांडलं की प्रत्येक पाकिटावर बोली लिहावी, गर्दी असेल तेव्हा मोठ्या बोलीची पाकिटं आधी सोडावीत, आणि सगळ्यांकडून कटऑफइतकाच दर घ्यावा. गर्दी नसेल तर दर शून्य. विचार म्हणून अतिशय देखणा, आणि दर कुठून येतो हे समजायला उत्तम. पण परीक्षेच्या आदल्या रात्री बोली लावत बसायला कुणाकडे वेळ नसतो. आधीच माहीत असलेला, लक्षात राहणारा दर साठ जणींत जास्त उपयोगी पडतो.

साइट बघून दर लावू नका

"सिनेमाला दर लावा, अभ्यासाला माफ करा" ही सूचना प्रत्येक बैठकीत येते. मोह आवरा. अभ्यासाचं व्याख्यानही व्हिडिओच असतो, आणि काय अभ्यास नि काय करमणूक हे ठरवायचा अधिकार घेतलात की कुणी काय पाहिलं ते बघत बसावं लागतं. मजकूर बघून वेगळे दर लावायला ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने कंपन्यांना मनाई केली, त्यामागचा विचार आपल्यालाही लागू पडतो. वेळेवर दर लावा, मजकुरावर नको.

तुटीच्या दिवसांचा नियम आधी लिहून ठेवा

लाइन अर्धवट बंद पडते, परीक्षा येतात, पावसाळ्यात केबल तुटते. अशा दिवशी दर वाढवून प्रश्न सोडवू नका. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत पाणी वाटपाची जुनी शिस्त आहे. पाटकरी पाणी सोडतो, आणि पाणी कमी असेल तर सगळ्यांच्याच भिजणीला कात्री लागते. कुणी जास्त पैसे टाकून दुसऱ्याचं पाणी ओढू शकत नाही. आम्हीही तेच ठेवलं. लाइन अर्ध्यावर आली की प्रत्येकीचा वेग समान बांधायचा, आणि त्या दिवसांचा गर्दीचा दर माफ. परीक्षेच्या पंधरवड्यात मोफत मर्यादा दुप्पट. वर्गणीच झेपत नसलेल्या मुलीला सूट द्यायची असेल तर ती स्थिर वर्गणीत द्या, कुणाला न कळता; गर्दीचा दर तिलाही तोच राहू द्या, म्हणजे वेळ बदलायचं कारण तिच्याकडेही राहतं.

लाइन कधी वाढवायची

गंगाजळीचा डबा हेच सांगतो. नव्या लाइनसाठी महिन्याला ३,००० रुपये जास्त लागणार असतील आणि गर्दीच्या दरातून सलग तीन महिने तेवढे जमत असतील, तर लोक गर्दीच्या वेळेसाठी खरोखर पैसे मोजायला तयार आहेत. लाइन वाढवा, मग दर कमी करा किंवा मोफत मर्यादा वाढवा. आणि डब्यात चारपाचशेच रुपये पडत असतील तर विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी दुप्पट वेगाचा प्लॅन घेऊ नका. आहे ती लाइन पुरते आहे.

सुरुवात करताना

पहिला महिना नुसतं बिल दाखवा, पैसे घेऊ नका. ज्या मुलींचा आकडा मोठा येतो त्यांच्याशी एकेकटीने बोला. बहुतेकदा फोनचा बॅकअप किंवा आपोआप होणारं अपडेट निघतं आणि त्यांना स्वतःलाच त्याचा पत्ता नसतो. मग फलकावर चार ओळी लावा. आमच्या फलकावर आजही हेच लिहिलेलं आहे:

"वर्गणी ३५० रुपये. रात्री ८ ते १२ मध्ये ३० जीबी मोफत, पुढे जीबीला १ रुपया. इतर वेळी कितीही. कुणी काय पाहिलं ते आपण मोजत नाही. जमलेले जादा पैसे फक्त मोठ्या लाइनसाठी. शिल्लक दर १ तारखेला इथे लिहिली जाईल."

त्याखाली खडूने शिल्लक लिहायची जागा सोडलेली आहे.